आपल्याच दाराची कडी

शर्मिलाला यातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून बाई भोळी होती असं कुणी म्हणायला नको. दहा दिवस संध्याकाळी विहारात सगळ्यांसमोरचं आसन मिळणार होतं. पांढरं कापड घातलेलं बैठं मेज, त्यावर माइक, आणि समोर सतरंजीवर चाळीसेक माणसं, जी तासभर तिच्याकडे बघणार होती आणि मध्ये बोलणार नव्हती. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात शर्मिलाकडे सलग तासभर कुणी बघितलं नव्हतं. वाशीच्या ऑफिसात बघायचे ते तिच्या हातातल्या फाइलकडे, भाऊ घरी होते तेव्हा ते बघायचे ताटाकडे, आणि आई बघायची दाराकडे. आता भाऊ आपापल्या बायकामुलांत गेले, आई गेली त्याला अडीच वर्षं झाली, ऐरोलीचा दोन खोल्यांचा ब्लॉक तिच्या एकटीच्या नावावर राहिला. लग्न राहून गेलं. का राहिलं याची चौकशीही लोकांनी हळूहळू बंद केली, आणि चौकशी बंद झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की तेवढंच एक बोलणं आपल्याशी लोक आवर्जून करत होते. तर पावसाळ्यातल्या वर्षावासात धम्माच्या ग्रंथाचं वाचन एकोणीस वर्षं सीतारामकाका करायचे, त्यांना यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, ते पनवेलला मुलीकडे गेले. कमिटीचे सेक्रेटरी नंदकुमारभाऊ यांच्या मनात त्या जागी आपली सून निशिगंधा होती, बीएड झालेली. पण तिनं मुलाच्या परीक्षेचं कारण सांगून चक्क नाही म्हटलं. ताटात सगळ्यांनी सभ्यपणानं ठेवलेला शेवटचा लाडू जसा कुणाच्या तरी वाट्याला येतो, तसा तो मान शर्मिलाकडे आला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. आणखी एक फायदा होता, तो तिनं कुणाला सांगितला नाही: ऑफिसमधून थेट विहारात जायचं म्हणजे घरी जायची वेळ दोन तास पुढं ढकलली जात होती.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, त्रिसरण-पंचशील झालं, नंदकुमारभाऊंनी माइकचा दांडा तिच्या तोंडासमोर आणला, तिनं पर्समधून कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेला ग्रंथ काढला, खुणेला बसचं तिकीट होतं तिथं उघडला आणि सुरुवात केली. वाचताना डोळे एक ओळ पुढं आणि जीभ एक ओळ मागं, अशी तिची सवय. त्या दिवशी माइक शिट्टी मारत होता, नंदकुमारभाऊ त्याची मान पिळत होते, तिचे डोळे त्यांच्या बोटांवर, आणि जीभ एकटीच पुढं निघून गेली. "तलाठी घरी आला," तिचा आवाज कर्ण्यातून दिघ्याच्या गल्लीत, पार रिक्षास्टँडपर्यंत गेला, "आणि त्यानं आपल्याच दाराची कडी वाजवली."

ग्रंथात तलाठी नाही, हे समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं. एकोणीस वर्षं ऐकून लोकांना कुठल्या वाक्यानंतर सीतारामकाका पाणी पितात हेही पाठ झालेलं. चाळीस माना वर झाल्या. शर्मिलानं पुस्तकाकडे बघितलं, आणि कानाच्या पाळ्या तापायला लागल्या. तेच पुस्तक. ते. सकाळी अंधारलेल्या फडताळात हात घालून, वरचं जाड कव्हर चाचपून, ऑक्टोबर महिना बघून पर्समध्ये टाकलेलं. ऑक्टोबर बघितला म्हणजे झालं, असं समजणारी बाई या जगात एकटी तीच असणार, कारण तशी सवय लावणारी आईही एकटी तिचीच होती. त्या आईला, गोजराबाईला, वाचता येत नव्हतं, म्हणून पुस्तकाचा मान कव्हर घालून राखायचा हे तिनं स्वतःवर घेतलेलं. उघडं पुस्तक म्हणजे उघडं माणूस, म्हणायची. वर्ष संपलं की भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायची, पानं सोडवायची, भाताच्या खळीनं कोपरे चिकटवायची, आणि पुस्तकं ओळखायची ती महिन्यावरून. जानेवारी म्हणजे धाकट्याचं गणित, मे म्हणजे शर्मिलाचं टायपिंगचं. ऑक्टोबर मात्र ठेवायची राखून, कारण त्यात धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. ऑक्टोबर फक्त ग्रंथाला. आणि मग एक दिवस ऑफिसच्या करमणूक केंद्रातलं पुस्तकांचं कपाट तुर्भ्याच्या रद्दीवाल्याला द्यायचं ठरलं, शर्मिलानं त्यातून एक पुस्तक उचललं, पुठ्ठा नाही, पहिली सोळा पानं नाहीत, म्हणजे पुस्तकाचं नाव नाही आणि लिहिणाऱ्याचंही नाही. ते छातीशी धरून ती घरी आली. आईनं तिच्या धरण्याकडे बघितलं. काही न विचारता दुसऱ्या वर्षाचा ऑक्टोबर काढला. "असू दे," म्हणाली, "हे पण तुझ्या जिवाचं दिसतंय." आणि आज ते जिवाचं सगळ्या गल्लीत वाजलं होतं.

पण जिवाचं ते तेव्हा नव्हतंच. तेव्हा ते फक्त वाचवून आणलेलं पुस्तक होतं, पिल्लू उचलावं तसं. वाचलं ते आई गेल्यावर आठ महिन्यांनी, वाशीहून सुटणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून. घणसोलीच्या आसपास तिनं ही ओळ पहिल्यांदा वाचली. तलाठी घरी आला आणि त्यानं आपल्याच दाराची कडी वाजवली. तिनं पुस्तक फटकन मिटलं होतं. शेजारच्या बाईनं ते बघितलं का, हे आधी तिरक्या डोळ्यानं तपासलं. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं, राग आला, कुणी आपल्या जिन्यात उभं राहून बघितलं आणि छापलं? कारण शर्मिलाचं असं होतं, की ती रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर पोचायची, किल्ली मुठीत असायची, आणि ती बेल वाजवायची. चिमणीच्या आवाजाची बेल. आत कुणी नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी वाजवायची. आई होती तेव्हा पलंगापासून दारापर्यंत यायला तिच्या गुडघ्यांना अकरा आकडे लागायचे, आणि सातव्या आकड्याला आतून आवाज यायचा, "आले गं आले, दार फोडतेस काय!" आता आवाज यायचा नाही, पण अकरा आकडे मोजून झाल्याशिवाय शर्मिला किल्ली लावायची नाही. एकदा समोरच्या ब्लॉकमधली रंजिता दारात आली. "चावी हारवली का गो ताई?" शर्मिलानं सांगितलं, हो, पर्समध्ये सापडत नाहीये. त्या दिवसापासून ती एक हात पर्समध्ये खुपसून, शोधल्यासारखं करत बेल वाजवायला लागली. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेली बाई. करायचं ते करताना कारण तयार ठेवायचं, एवढं तिला कुणी शिकवायला नको होतं. पण नाटक वठवलं तरी आत एक भीती बसली ती बसली. माणूस असं करायला लागतं ते कशाची सुरुवात म्हणून? पुढं काय, दोन कप चहा? भिंतीशी बोलणं? ऑफिसातल्या देसाईबाईंची मावशी शेवटी शेवटी पंख्याला जेवायला हाक मारायची, हे सगळ्यांनी डबा खाताना हसत हसत ऐकलं होतं. शर्मिलाही हसली होती, जरा जास्तच.

आणि त्या बसमध्ये, राग ओसरल्यावर, तिनं पुस्तक पुन्हा उघडलं होतं. कुठला तलाठी, कुठलं गाव, किती वर्षांपूर्वीचं, पहिली पानंच नसल्यामुळं काही कळायला मार्ग नाही. मिशाळ माणूस, डोक्याला पागोटं, बगलेत दप्तर, गावातली अर्धी माणसं त्याला बघून रस्ता बदलतात. त्याचं आणि शर्मिलाचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं. जुळत होती ती एक कडी. ऐरोली आली, गेली. दिघा आलं, गेलं. कंडक्टर तिकिटासाठी ओरडला तेव्हा ती कळव्यात होती. उतरून, रस्ता ओलांडून, उलटी बस धरून ती घरी आली. बेल वाजवली. अकरा मोजताना तिच्या मनात आलं, आत्ता तोही कडी वाजवून उभा असेल. दोन दारं, दोन माणसं. सातव्या आकड्याला आतून आवाज आला नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिला तो आला नाही म्हणून जिना उतरून पळून जावंसं वाटलं नाही. तेव्हापासून तलाठी तिच्या सोबत होता. ही सोबत कुणाला सांगण्यासारखी नव्हती. मिशाळ परक्या पुरुषाबरोबर रोज संध्याकाळी जिन्यात उभी असते, असं सांगायचं होतं का विहारातल्या बायकांना?

"ताई?" नंदकुमारभाऊ म्हणाले. माइकची शिट्टी बंद झाली होती. "हे कुठलं वाचताय?"

"चुकून दुसरं पुस्तक आलं," शर्मिला म्हणाली. तेही कर्ण्यातून गल्लीभर गेलं.

नंदकुमारभाऊंच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. आज खीर त्यांच्या घरची होती, कोपऱ्यात मोठं पातेलं झाकून ठेवलं होतं, पातेल्याशेजारी निशिगंधा बसली होती, आणि सासरे सुनेकडे असं बघत होते, की बघ, तू हो म्हणाली असतीस तर. "म्हणून मी सांगत होतो," ते एकूणच हवेला म्हणाले, "जबाबदारीचं काम आहे. टाइमपास नाही. विहारातली प्रत काकांच्या घरात, घराला कुलूप. आता काय करायचं? आजचं वाचन कॅन्सल करायचं?" शर्मिलाला दिसलं, की आसन सरकतंय. दहातले सात दिवस अजून उरले होते, ते आजच जाणार, आणि जाताना कारण मागं ठेवून जाणार. ती आपली गोष्टींची पुस्तकं वाचते ना, ती. तिच्या तोंडून आलं, "मी रिक्षानं जाऊन आणते."

"तू कुटं चालली?" भिंतीला टेकून बसलेली वेणूबाई म्हणाली. वय अठ्ठ्याहत्तर, मूळची जालन्याकडची, दिघ्यात मागच्या गल्लीत एका खोलीत राहणारी. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळं ऐकलेलं ती सोडत नसे. "आदी सांग, कडी वाजवली, मंग? दाराला कुलूप न्हवतं का?"

"होतं," शर्मिला म्हणाली.

"कुलूप बी हाय, आन कडी बी वाजवतो? खुळं हाय का बाबा?"

लोक हसले. वाईट नव्हते हसत. पण शर्मिला कव्हरचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबत राहिली. खुळं हाय का. नेमका तोच प्रश्न, जो ती अडीच वर्षं रोज अकरा आकड्यांत स्वतःला विचारत होती. तुर्भ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले चंद्रशेखरभाऊ म्हणाले, "नंदू, तुझी स्कूटर आहे ना? तू जा की. दहा मिनिटं जायला, दहा यायला. तोवर ताई आमाला तलाठ्याचं सांगतील. नायतरी बसून काय करणार, खिरीकडं बघत?" नंदकुमारभाऊंना नाही म्हणता येईना, कारण आत्ताच त्यांनी जबाबदारीवर भाषण केलं होतं. शर्मिलानं किल्ली काढून दिली. तिसरा मजला, उजवीकडं, फडताळाचा वरचा कप्पा, ऑक्टोबर. किल्ली त्यांच्या तळहातावर पडली तेव्हा तिला वाटलं, ही आज बेल न वाजता लागणार. दोन्ही गोष्टी एकदम परक्यांच्या हातात गेल्या होत्या, घरही आणि तलाठीही. तिनं माइक बाजूला केला, निदान रिक्षास्टँडला तरी नको, आणि वाचायला लागली.

वाचताना आधी आवाज चोरटा होता. आपल्याच ट्रंकेतले कपडे चारचौघांत उलगडून दाखवावेत तसा. तलाठी कडी वाजवतो, पागोटं उतरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबतो, मग कनवटीची किल्ली काढतो. एक दिवस शेजारीण बघते. इथं शर्मिला अडखळली. पुढची ओळ तिला तोंडपाठ होती आणि म्हणूनच वाचवेना. समोर वेणूबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. चंद्रशेखरभाऊ सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. तिनं वाचलं. "शेजारीण म्हणाली, आत कुणी आहे का? तो म्हणाला, नाही. मग कडी कुणासाठी? तलाठ्यानं थोडा विचार केला. म्हणाला, घरासाठी. रिकाम्या घरात न सांगता शिरलं, की ते दचकतं." ती थांबली, आणि थांबल्यावर तिला ऐकू आलं की हे आपण आपल्या आवाजात वाचलं नाही, सीतारामकाकांच्याही नाही; आई बोलायची तशा सुरात, अर्धं ओरडून, अर्धं लाडानं. कुठून आलं ते? आईनं या पुस्तकाला खळ लावली होती, एक अक्षर न ओळखता. मग शर्मिला सरळ वाचत गेली. तलाठी आजारी पडला, त्याच्या दाराची कडी दोन दिवस वाजली नाही, आणि ज्या गावाला तो नको होता त्या गावातली म्हातारी त्याच्या ओट्यावर येऊन विचारायला लागली, की रोज दिवेलागणीला वाजायचं ते काय झालं? म्हणजे गावाला ऐकू येत होतं. इतके दिवस सगळ्या गावाला ऐकू येत होतं. ही जागा तिनं पंचवीसदा तरी वाचली असेल, बसमध्ये, स्वयंपाकघरात, डब्याच्या सुट्टीत पाठमोरी बसून; आणि दर वेळी तिला वाटायचं, हे असं फक्त पुस्तकातच होतं.

स्कूटर थांबल्याचा आवाज आला. नंदकुमारभाऊ ग्रंथ दोन्ही हातांत धरून, चप्पल काढून आत आले, ग्रंथ मेजावर ठेवला, आणि ठेवताना, पोस्टमन निरोप देतो तितक्या सरळपणानं, सगळ्यांसमोर म्हणाले, "मिळाला. तुमची ती समोरची बाई भेटली. बेल वाजली म्हणून बाहेर आली. मला म्हणाली, 'ताई नाय हाय घरान. तुमी पन कशाला बेल वाजवता? ती पन रोज अशीच वाजवते, चावी हातान धरून.'"

शर्मिलाच्या बोटांखाली पुस्तकाचं पान होतं. तिनं ते धरून ठेवलं. म्हणजे रंजिताला कळलं होतं. पर्समध्ये खुपसलेला हात, ते शोधणं, ते नाटक, सगळं; आणि इतके महिने ती बाई रोज 'जेवलीस का गो' एवढंच विचारत राहिली. आणि आता चाळीस माणसांना कळलं. विहारातल्या दोन्ही तसबिरींखाली, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात, तिनं अडीच वर्षं सांभाळलेलं मेजावर येऊन पडलं होतं, तलाठ्याशेजारी. लोक तिच्याकडे बघत होते. हवं होतं ना तुला? बघ, बघतायत. तिनं ठरवलं, ग्रंथ वाचायचा, आजचा भाग पुरा करायचा, खीर न घेता उठायचं, आणि उद्या ताप येऊ द्यायचा.

"मंग?" वेणूबाई म्हणाली. ती नंदकुमारभाऊंकडे नाही, शर्मिलाकडे बघत होती. "बेलच वाजवती ना? म्या तर आतूनबी बोलते."

"आतून म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"आता आतून म्हंजे आतून! भायेरून कडी वाजवायची, दार उगडायचं, आत जायाचं, आन मंग म्हनायचं, कोन हाय? मंग म्हनायचं, मीच हाय. धनी गेल्यापून अकरा वर्सं जाली. कुनी इचारायला नको का घरात, कोन आलं म्हनून?" आणि ती तोंडाचा बोळा सोडून मोठ्यानं हसली. उरलेले चार दात सगळ्यांनी बघितले. "खुळं हाय का म्हनत हुते मी त्या तलाठ्याला! ह्यो तर माजाच भाऊ निगाला."

चंद्रशेखरभाऊ बोटाचा दोरा सोडून म्हणाले, तेही जेवायला बसतात तेव्हा टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्याला म्हणतात, 'बस झालं बाबा, तू पण जेवून घे.' बायको गावाला असली की म्हणतात, असं त्यांनी आधी सांगितलं. मग थोड्या वेळानं, बायको असली तरी. त्यांची बायको बायकांच्या रांगेतून म्हणाली, "माहिताय मला. त्याला विचारतील, मला नाय." पुन्हा हशा झाला, आणि त्या हशात कुणाचं काय ते सांगून टाकायला आडोसा मिळाला. कुणी मिस्ड कॉल आलेल्या नंबरांना उलट फोन लावायचं, नुसतं 'राँग नंबर' ऐकायला. आणि पातेल्याशेजारून, कुणी विचारलं नसताना, निशिगंधा म्हणाली, "मी रोज गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते ना, ते वाळलेलेच असतात." तिच्या घरात सात माणसं होती. नंदकुमारभाऊंनी मान वळवली. सून पातेल्याच्या झाकणाकडे बघत होती. शर्मिलाला त्या क्षणी ती पहिल्यांदा दिसली. वाळलेल्या कपड्यांची बादली घेऊन सहा मजले चढणारी, वर जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहणारी पोरगी. सात माणसांत. म्हणजे हे रिकाम्या घराचंही नव्हतं.

"पन नंदू," वेणूबाईनं धागा सोडला नव्हता, "किल्ली तुज्याच हातात हुती. घरात कुनी न्हाई हे बी तुला ठावं. तू कशापायी वाजवली बेल?"

नंदकुमारभाऊ गोंधळले. एवढा वेळ हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. ते खांद्यावरचा रुमाल उगाच झटकत म्हणाले, "मी? नाही म्हणजे... परकं घर. रिकामं असलं म्हणून काय झालं? न सांगता एकदम आत शिरलं, की घर दचकतं."

तलाठ्याचं ते वाक्य वाचलं तेव्हा नंदकुमारभाऊ ऐरोलीच्या वाटेवर होते, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी शर्मिलाकडे बघितलं, शर्मिलानं उघड्या पानाकडे बघितलं. तिथं ते होतं. कुठल्या तरी गावात, कधी तरी, कुणी तरी शाईनं लिहिलेलं, आणि आत्ता सेक्रेटरीच्या तोंडातून स्कूटरवरून उतरून चालत आलेलं. तिच्या छातीत काहीतरी इतकं जोरात वर आलं, की तिला वाटलं हसू आहे, आणि ते हसूच होतं. "काय झालं?" नंदकुमारभाऊ विचारत होते, "मी काय बोललो? अरे, काय झालं?" आणि वेणूबाई सतरंजीवर थापा मारत म्हणत होती, "आला! तलाठी आला! मिशी काडून आला!"

मग ग्रंथ वाचला गेला. त्या दिवशीचा पूर्ण भाग, एक ओळ न गाळता, माइक लावून. शर्मिलाचे डोळे एक ओळ पुढं होते आणि जीभ बरोबर मागं. लोक असे ऐकत होते, जसं एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकताहेत. आणि सरणत्तय म्हणून झाल्यावर खीर घेतली तेव्हा ती पार गार झालेली. निशिगंधानं पहिली वाटी आणून मेजावर ठेवली, हळूच विचारलं, "ताई, तो तलाठी बरा होतो का?" शर्मिला म्हणाली, "उद्या ये." हे तिच्या तोंडून आलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. उद्या ये, असं ती कुणाला शेवटचं कधी म्हणाली होती?

नवाच्या आत माणसं पांगली. शर्मिला वेणूबाईला सोडायला मागच्या गल्लीत गेली. म्हातारीनं आपल्या दाराची कडी वाजवली, जरा जास्तच जोरात, आणि पलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "कोन हाय?" वेणूबाई ओरडली, "मीच हाय!" मग पुढच्या दाराची कडी वाजली. मग त्याच्या पुढच्या. भरल्या घरातली माणसंही बाहेर उभी राहून आपल्याच दारांवर थापा मारत होती, आतून बायका 'आता काय नवीन खूळ' म्हणत होत्या, गल्ली कोन हाय, मीच हाय, कोन हाय, मीच हाय अशी टोकापर्यंत वाजत गेली. ऐरोलीत तिसऱ्या मजल्यावर शर्मिलानं पर्स बंद ठेवली, किल्ली उघड उघड तळहातावर धरली आणि बेल वाजवली. सातव्या आकड्याला समोरचं दार उघडलं. "आली का गो?" रंजिता म्हणाली. "आले गं आले," शर्मिला म्हणाली, "दार फोडतेस काय!" आपण कुठलं दार फोडलं, हे रंजिताला कळलं नाही, पण ती हसली.

आता कुणी काय दिलं ते सांगून संपवू. शर्मिलाचं गुपित गेलं. तिच्याकडे तेवढं एकच होतं, पण त्याच्या जागी चाळीस आली, तेव्हा तिची तक्रार नाही. नंदकुमारभाऊंचं स्कूटरचं पेट्रोल गेलं, आणि आपल्या घरात सगळं ठीक आहे हा वीस वर्षांचा भरवसा गेला. हल्ली संध्याकाळी ते गच्चीवर जाणाऱ्या सुनेला जिन्यात गाठून म्हणतात, कपडे राहू दे, नुसती जा. सीतारामकाका काळा चष्मा लावून परत आले, आपलं आसन त्यांना मिळालं, पण ग्रंथानंतरची तलाठ्याची पंधरा मिनिटं शर्मिलाला देऊन ते खाली सतरंजीवर वेणूबाईशेजारी बसले, आणि तलाठी बरा झाला त्या दिवशी चष्म्याखाली रुमाल घालून डोळे पुसत राहिले, डॉक्टरांनी डोळ्याला हात लावायचा नाही असं बजावलं होतं तरी. एवढ्यात सगळ्यांचं भागलं. खरी जड किंमत ज्यानं दिली, तो माणूस कधी तरी, कुठल्या तरी गावात, संध्याकाळी आपल्याच दारासमोर कडी हातात धरून उभा राहिला, आतून कुणी आलं नाही, आणि त्यानं आत जाऊन ते लिहून ठेवलं. त्याचं नाव पहिल्या सोळा पानांबरोबर रद्दीत गेलं. त्याच्या वाट्याला काही आलं नाही. आला तो गोजराबाईनं खळ लावून चिकटवलेला एक ऑक्टोबर.